सरकारी पोर्टल, सर्व्हे, सेफ्टी वीक: यातलं शॉपफ्लोअरवर काय पोचतं, आणि कंत्राटावर लागताना काय बघायचं

तुमचा प्रश्न असा आहे की सरकार नोकऱ्यांच्या माहितीसाठी एवढी पोर्टल काढतंय, सर्व्हे करतंय, दरवर्षी मार्चमध्ये सेफ्टी वीक होतो, तर कामगाराला त्याचा खरंच उपयोग होतो का, आणि तुमचा धाकटा भाऊ आयटीआय करून चाकणला कंत्राटावर लागतोय तर त्याने काय बघावं. मी भोसरी-चाकण पट्ट्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून वीसेक वर्षं काढलीत, बहुतेक ऑटो पार्टच्या कंपन्यांत, आता व्हेंडर कंपन्यांची, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्यांची, सेफ्टी ऑडिट करतो. त्यामुळे जे सांगतोय ते मशीनच्या बाजूने बघितलेलं आहे, मंत्रालयाच्या बाजूने नाही. उत्तर मोठं होईल, भावाचं शेवटी घेतो, पण आधीचं वाचलंत तर तो सल्ला का देतोय ते कळेल.

आधी जे चांगलं झालंय ते सांगतो. देशात किती लोक कामावर आहेत, किती बेकार आहेत हे कळायचा मुख्य मार्ग पूर्वी दर पाच वर्षांनी होणारा सर्व्हे होता, शेवटचा मोठा २०११-१२ ला झाला आणि मग बराच काळ तसा सर्व्हे झाला नाही. २०१७ च्या एप्रिलपासून पीएलएफएस, म्हणजे घरोघरी जाऊन रोजगाराची माहिती घेणारा सरकारचा नियमित सर्व्हे, सुरू झाला आणि दरवर्षी आकडे यायला लागले. २०२५ पासून तर तो दर महिन्याला येतो, पहिलं मासिक पत्रक मे २०२५ मध्ये आलं, त्यात एप्रिलचा बेरोजगारीचा दर ५.१ टक्के होता. नमुनासुद्धा वाढवला, वर्षाला साधारण २.७ लाख घरं. लोक या आकड्याला नावं ठेवतात कारण आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो, आणि ते खरंही आहे, पण ती व्याख्या जगभर चालते आणि सलग वर्षांची तुलना करायला उपयोगी पडते. माझ्या मते बेरोजगारीच्या टक्क्यापेक्षा त्याच सर्व्हेतला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे, तो पेपरात फार येत नाही: शेती सोडून इतर ठिकाणी जे नियमित पगारावर आहेत त्यांच्यातल्या साधारण ५८ टक्के लोकांकडे नोकरीचा लेखी करारच नाही. म्हणजे पगार दर महिन्याला येतोय, पण आपण इथे कामाला आहोत याचा कागद हातात नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं केंद्राचं पोर्टल, हे दुसरं मोठं काम. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माणसं चालत घरी निघाली आणि तेव्हा सरकारकडे स्थलांतरित कामगारांची धड यादीसुद्धा नव्हती, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये किती मजूर वाटेत मेले असं संसदेत विचारलं तर असा डेटा ठेवलेला नाही असं लेखी उत्तर आलं होतं. सुप्रीम कोर्टाने मागे लागून नोंदणी करायला लावली आणि २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम सुरू झालं. आज ३० कोटींच्या वर नोंदणी आहे, त्यात निम्म्याहून जास्त बायका. हे छोटं काम नाही, बीड-जालन्याकडची ऊसतोड करणारी जोडपी, नाक्यावरचे गवंडी, घरकाम करणाऱ्या बायका, यांच्यातल्या बऱ्याच जणांचं नाव कुठल्यातरी सरकारी यादीत कामगार म्हणून पहिल्यांदा आलं. उणीव एवढीच की कार्ड काढून झालं की बहुतेकांचा संबंध तिथेच संपतो, काम बदललं, गाव बदललं तरी कुणी परत जाऊन माहिती बदलत नाही.

नोकरी शोधायचं म्हणाल तर पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड असायचं, आमच्या पिढीने ते रिन्यू करायला लाईनी लावल्यात. १९५९ च्या कायद्याप्रमाणे २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीने रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या आणि दर तिमाहीला रिटर्न भरायचं, पण जागा कळवायच्या होत्या, तिथूनच माणूस घ्या अशी सक्ती नव्हती, त्यामुळे ते कागदावरच चालायचं. २०१५ ला केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) हे नोकऱ्यांचं पोर्टल आलं, आपल्याकडे राज्याचं महास्वयम आहे, दोन्ही फुकट. त्यावर जागा असतात, पण चाकणची खरी भरती आजही गेटवर, कंत्राटदाराच्या सुपरवायझरच्या फोनवर आणि गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. ज्याला शॉपफ्लोअरचं, म्हणजे कारखान्यात मशीनवरचं, काम पाहिजे तो पोर्टल उघडत नाही आणि ज्या कंत्राटदाराला उद्या सकाळी चाळीस हेल्पर पाहिजेत तोही उघडत नाही. म्हणून पोर्टलवरचे आकडे वाढले म्हणजे बाजाराची माहिती कामगाराला मिळायला लागली असं मला वाटत नाही.

आता सेफ्टी. इथे मी जरा थांबणार आहे.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, तिचं मुख्यालय आता आपल्या बेलापूरला आहे, आणि १९७२ पासून ४ मार्चला सुरक्षा दिन होतो, पुढे त्याचा आठवडा झाला. शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, डीजीफासली या कारखान्यांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं ऑफिस तिथेच, आमच्यासारख्यांचं बरंचसं प्रशिक्षण तिथे होतं. राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला आम्ही डिश म्हणतो, ते कारखान्यांत वर्ग घेतं, मॉक ड्रिल करायला लावतं. केमिकलवाल्या पट्ट्यात, तळोजा, पाताळगंगा, ठाणे-बेलापूरला, कंपन्यांनी एकमेकांच्या मदतीला धावायचे 'मार्ग' नावाचे गट केलेत, ते खरंच चांगलं काम करतात. भोपाळनंतर १९८७ ला कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराला धोक्याची माहिती मागायचा, धोका दिसला तर सांगायचा हक्क, सेफ्टी कमिटीत जागा, हे सगळं आलं. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण सेफ्टी वीकमध्ये जनरल शिफ्टला गेटजवळ बॅनर लागतो, शपथ होते, घोषवाक्य स्पर्धा होते, बक्षीस बहुतेक वेळा पर्मनंट कामगाराला किंवा स्टाफला मिळतं, आणि ज्याचं बोट जाणार आहे तो रात्रपाळीचा कंत्राटी पोरगा, ओडिशाचा किंवा झारखंडचा नाहीतर आपला परभणी-हिंगोलीचा, तो तेव्हा रूमवर झोपलेला असतो. त्याचं इंडक्शन म्हणजे पहिल्या दिवशी अर्धा तास व्हिडिओ आणि रजिस्टरवर सही. आणि त्याला माहीत नाही म्हणून बोट जातं असंही नाही हो. पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनमध्ये, हात घालायचा नाही हे त्याला कुणी शिकवायला लागत नाही. पण ताशी टार्गेट असतं, पार्ट डायमध्ये (साच्यात) अडकतो, लाईट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर, वारंवार मशीन थांबवतं म्हणून ते बायपास केलेलं असतं, दोन हातांनी दाबायची बटणं काढून पायाचं पेडल लावलेलं असतं कारण त्याने एका हाताने पार्ट धरता येतो आणि स्ट्रोक जास्त निघतात, क्लच जुना झाला की प्रेस कधीकधी स्वतःहून दुसरा स्ट्रोक मारते, आणि तेवढ्या सेकंदात होतं. यात जागृतीने काय बदलणार? बदलायचं ते मशीन, मेंटेनन्स आणि टार्गेट, आणि ते बदलायला मालकाला भाग पाडायचं तर आधी किती बोटं जातायत हे कळलं पाहिजे.

तेच कळत नाही, माझ्या सगळ्या उत्तराचा मुद्दा हा आहे.

नियम असा आहे की अपघातात कुणी मेलं, किंवा जखमेमुळे ४८ तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही, तर कारखान्याने कळवायचं. डिशकडे येतं, राज्यांकडून डीजीफासलीकडे जातं, तिथे देशाचा आकडा तयार होतो. २०१७ ते २०२० चे आकडे बघितले तर नोंदणी झालेल्या कारखान्यांमध्ये रोज सरासरी तीन माणसं मेली आणि अकरा जखमी झाली. परत वाचा. एका मृत्यूमागे चारसुद्धा जखमी नाहीत. ज्याने एक वर्ष जरी प्रेस शॉपमध्ये काढलंय त्याला विचारा, हे शक्य आहे का? मृत्यू लपवता येत नाही, पोलीस येतात, पोस्टमॉर्टम होतं, नातेवाईक गेटवर बसतात. बोट लपवता येतं.

ब्रिटनशी ताडून बघा. तिकडे २०२३-२४ मध्ये कामावर १३८ लोक मेले आणि मालकांनी कळवलेल्या जखमा ६१,६६३, म्हणजे एका मृत्यूमागे साधारण साडेचारशे. आणि तिकडचा नियम आपल्यापेक्षा सैल आहे, मोठी मोडतोड वगैरे सोडली तर सात दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तरच कळवायचं, आपल्याकडे ४८ तास. तिकडे ऑफिस-दुकानवाले जास्त, कामाचं स्वरूप वेगळं, हे सगळं धरलं तरी चार आणि साडेचारशे यातला फरक त्याने भरून निघत नाही. पण माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. तिकडे सरकार मालकाच्या आकड्यावर थांबत नाही. आपल्या पीएलएफएससारखा त्यांचा लेबर फोर्स सर्व्हे आहे, त्यात घरी जाऊन कामगारालाच विचारतात की गेल्या वर्षभरात कामावर लागलं का, किती दिवस घरी बसलात. त्या वर्षी या मार्गाने आकडा आला ६ लाख ४ हजार. यात लहान जखमाही येतात, तरी मालकाने सांगितलेलं आणि कामगाराने सांगितलेलं यात किती अंतर आहे हे त्यांच्या सरकारला दरवर्षी समोर दिसतं आणि कुठल्या धंद्यात लपवालपवी जास्त आहे तेही दिसतं.

आपल्याकडे पीएलएफएसवाला माणूस घरात येतो, काय काम करता, किती तास, पगार किती, लेखी करार आहे का, पगारी सुट्टी मिळते का, सगळं विचारतो. कामावर लागलं का, हे विचारत नाही. एवढं मोठं यंत्र दर महिन्याला चालतंय, वर्षाला २.७ लाख घरांत जातंय, त्यात दोन-तीन प्रश्न वाढवायचे आहेत. माझं अगदी मनापासून म्हणणं आहे की पुढची दहा वर्षं सेफ्टीचं एकही नवीन पोस्टर छापलं नाही तरी चालेल पण हे प्रश्न घाला. कामगाराला मालकासमोर बोलायची भीती वाटते, स्वतःच्या घरात बसून सांगायला वाटत नाही.

लपतं कसं तेही सांगतो, कारण भावाला ते माहीत पाहिजे. एका व्हेंडरकडे, नाव घेत नाही, एका हेल्परची दोन बोटं गेली. मी ऑडिटला गेलो तेव्हा अपघात रजिस्टर कोरं होतं, पण ड्रेसिंगचं बिल अकाऊंटला लागलेलं होतं म्हणून सापडलं. त्या पोराचं नाव कंत्राटदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर) अपघाताच्या दुसऱ्या दिवशी चढवलेलं, ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, रजिस्ट्रेशनही त्याच दिवशीचं. त्याला आधी ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेलं आणि केसपेपरवर लिहिलं की घरी दरवाजात बोट सापडलं. काही रोख पैसे देऊन गावी पाठवलं. यात कंपनी म्हणते तो आमचा नाही कंत्राटदाराचा, कंत्राटदार म्हणतो तो अजून जॉईनच नव्हता झाला. हा प्रकार एकट्यादुकट्या ठिकाणचा नाही, या पट्ट्यात काम करणाऱ्या कुठल्याही सेफ्टीवाल्याला किंवा युनियनवाल्याला विचारा. म्हणून ते ५८ टक्के लक्षात ठेवा म्हटलं. ज्याच्या नोकरीचा कागद नाही त्याच्या अपघाताचाही कागद होत नाही. नोकऱ्यांची माहिती आणि सेफ्टी हे सरकारच्या दृष्टीने दोन वेगळे विभाग आहेत, शॉपफ्लोअरवर ते एकच आहे.

नवीन कायद्याचं थोडक्यात. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, सेफ्टीवाली त्यातली एक. त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायची सक्ती, माझ्या दृष्टीने ही सेफ्टीचीच तरतूद आहे. धोक्याची माहिती मागायचा आणि जिवावर बेतणारं काही दिसलं तर मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवायचा हक्क कलम १४ मध्ये आहे. मृत्यू झाला तर दंड किमान ५ लाख आणि त्यातला किमान अर्धा वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं. जे मला पटत नाही ते असं की पॉवरवर चालणारा कारखाना म्हणून धरायला १९४८ च्या मूळ कायद्यात १० कामगार पुरत होते, आता २० लागतात. नोंदणीसाठी आणि मालकाच्या सर्वसाधारण जबाबदाऱ्यांसाठी १० चा आकडा ठेवलाय, पण कारखाना म्हणून जे बारीक नियम लागतात ते वरच्या आकड्याला. आणि बोटं सगळ्यात जास्त जातात ती माझ्या अनुभवात याच दहा-पंधरा माणसांच्या शेडमध्ये, तळवड्याच्या, भोसरीच्या गल्ल्यांमध्ये, जिथे सेफ्टी ऑफिसर नसतोच. इन्स्पेक्टरचं नावही आता निरीक्षक-नि-सुविधाकार झालंय, त्याने सल्ला द्यावा अशी अपेक्षा आहे, सल्ल्याला माझी हरकत नाही पण माणसंच कमी आहेत, जी आहेत ती मोठ्या आणि धोकादायक कारखान्यांतच पुरी पडत नाहीत. डोंबिवलीत २०१६ ला मोठा स्फोट झाला, परत २३ मे २०२४ ला झाला, दोन्ही वेळा नंतर तपासण्यांची मोहीम आली. मोहीम नंतर येते आणि आधीच्या छोट्या घटनांचा, निअर मिसचा (थोडक्यात टळलेल्या अपघातांचा) डेटा कुणाकडे नसतो हाच त्रास आहे.

अजून एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. ईएसआयसी जखमी कामगाराला पैसे देते म्हणजे तिच्याकडे अपघाताची नोंद असते. डिशकडे मालकाने कळवलेली नोंद असते. ही दोन रजिस्टरं दर तिमाहीला ताडून बघितली आणि जिथे ईएसआयसीकडे क्लेम आहे पण डिशकडे काहीच नाही त्या कंपनीला नोटीस गेली तर वर्षभरात फरक दिसेल. असं नियमित ताडून बघितल्याचं आमच्या भागात माझ्या तरी पाहण्यात नाही. एक केंद्राचं खातं, एक राज्याचं, पण तांत्रिक अडचण मला दिसत नाही.

आता तुमच्या भावाचं.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, कन्सल्टन्सी असो की ओळखीचा असो, तिथून उठायचं. एनसीएस आणि महास्वयमवर नाव टाकून ठेवू द्या, फुकट आहे, आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार केंद्राच्या मेळाव्यात मोठ्या कंपन्यांच्या अप्रेंटिसच्या जागा येतात त्या बघा. आयटीआय झालेल्या मुलाने शक्य असेल तर आधी अप्रेंटिस व्हावं असं मी सांगेन, स्टायपेंड हेल्परच्या हजेरीपेक्षा कमी वाटेल पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात त्याला कारखान्यातल्या कामगारासारखे सुरक्षा-आरोग्याचे नियम लागतात, जखम झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, आणि मुख्य म्हणजे त्याचा करार पोर्टलवर नोंदलेला असतो, हा आमचा नाहीच असं कुणी म्हणू शकत नाही.

कंत्राटावरच लागत असेल तर पहिल्या दिवशी नेमणूक पत्र मागायचं, त्यावर कंत्राटदाराचं आणि मूळ कंपनीचं दोन्ही नावं आहेत का बघायचं, गेटपासचा आणि पत्राचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचा नंबर पाहिजेच, ऑनलाईन तो लगेच तयार होतो, पुढच्या महिन्यात देतो म्हणाले तर ऐकायचं नाही. लोकांना वाटतं सहा महिने कापले गेल्याशिवाय काही मिळत नाही, ते आजारपणाच्या भत्त्याचं आहे, कामावरच्या अपघाताला तशी अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी उपचार आणि साधारण ९० टक्के पगार मिळतो. कामावर जाता-येता झालेला अपघातही, संबंध दाखवता आला तर, त्यात येतो. जोडीला बँकेतून वर्षाला २० रुपयांचा तो २ लाखांचा अपघात विमा चालू ठेवा.

मशीनवर उभं करण्याआधी कुणीतरी दाखवून द्यायला पाहिजे की इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे आणि सेन्सर चालू आहे, हे त्याने स्वतः तपासायचं, लाईट कर्टनमध्ये एखादी काठी घालून प्रेस थांबते का बघायचं, हात घालून नाही. पेडलची प्रेस दिली तर सांगायचं मी नवीन आहे, दुसरं काम द्या. यात नोकरी जाऊ शकते हे मला माहीत आहे आणि तरी मी हेच सांगतो. सेफ्टीचं काही खटकलं तर फोनवर तारखेसह लिहून सुपरवायझरला मेसेज करायचा, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

आणि देव न करो, पण लागलंच, तर शुद्धीवर असेपर्यंत डॉक्टरला खरं सांगायचं, कामावर मशीनमध्ये लागलं, कुठल्या कंपनीत, किती वाजता, आणि ते केसपेपरवर लिहिलंय का हे बरोबरच्या मित्राने वाचून बघायचं. मोठी जखम असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करायला सांगायचं. घरी पडलो असं लिहिलेल्या कागदावर किंवा कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कितीही रोख देऊ केले तरी. एकदा तो केसपेपर चुकीचा झाला की नंतर वकील, युनियन, मी, कुणालाच फार काही करता येत नाही. त्याला काही अडलं तर मला इथेच विचारू द्या, नेमणूक पत्र आलं की नाव-पत्ता झाकून टाका, त्यात काय कमी आहे ते सांगतो.